मागच्या काचेवरची तांबडी धूळ: जुन्या फोर-बाय-फोरला डिफ्लेक्टर बसवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी दोन हजारच्या दशकातली. डिझेल, फोर-बाय-फोर, उंच, पाठ उभी आणि सपाट. मागचं दार बाजूला उघडतं आणि स्टेपनी त्याच दारावर टांगलेली. छताच्या दोन्ही कडांना पत्र्याची पन्हळ, गॅरेजात जिला गटर म्हणतात. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अशा गाड्या इतक्या थोड्या उरल्यात, की नाव घेतलं तर मालक कोण ते वाळपईच्या बाजारात कुणीही सांगेल.

मालक साठी ओलांडलेले बागायतदार. त्यांना इथे काका म्हणू, कारण त्यांचा पुतण्या माझा जुना विद्यार्थी आणि त्याच्यामुळेच हे काम माझ्याकडे आलं. घराजवळ पोफळींचं कुळागर, आणि काजूची बागायत मुख्य रस्त्यापासून बरीच आत. तिथे जाणारी वाट जांभ्याची. पावसाळा सरला की मेपर्यंत तिच्यावर तांबडी धूळ आणि पाऊस लागला की तांबडा चिखल. त्याशिवाय होंडा, साखळी, डिचोली करत म्हापशाला नेहमीच्या फेऱ्या आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव. छतावर लोखंडी कॅरिअर कायमचा ठोकलेला. त्यावर काजूबियांची पोती, फणस, पीव्हीसी पाइप, शिडी, जे असेल ते.

गाडीला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं होतं. ती विकायचा विषय घरात कुणी काढत नाही.

तक्रार काय होती

तक्रारी तीन होत्या आणि काका त्या एका दमात सांगायचे. पहिली: बागायतीच्या वाटेवरून बाहेर पडेपर्यंत मागची काच कावेने सारवलेल्या भिंतीसारखी होते. आरशात काही दिसत नाही आणि रिव्हर्स कॅमेऱ्याचं भिंगही त्याच धुळीने बुजतं. दुसरी: काचा बंद ठेवल्या तरी मागच्या सीटवर बारीक धूळ बसते. तिसरी: घाटात मागे बसलेल्या नातवंडांना धुराचा वास येतो आणि मळमळतं.

मोरजीच्या बाजूला एका पाहुण्याच्या जुन्या गाडीवर काकांनी छताच्या मागच्या टोकाला बसवलेलं एक आडवं पातं, म्हणजे डिफ्लेक्टर, पाहिलं होतं. त्याने काच स्वच्छ राहते असं त्या माणसाने सांगितलं. काकांनी तिथल्या तिथे निकाल लावला, की आपल्याला हेच हवं, यानेच सगळं जाईल.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे होता, पातं बनवायच्या कितीतरी आधी. तिन्ही तक्रारी गाडीच्या मागच्या बाजूच्या असल्या तरी त्यांचं मूळ एकच असेल असं धरून चालणं धोक्याचं होतं. काच बाहेरून मळते ती हवेच्या वागण्यामुळे. धूळ आत शिरते ती कुठल्या तरी फटीतून. धूर आत येतो त्याला फट लागते आणि धूर सुटण्याची जागाही चुकीची असावी लागते. पातं फार तर पहिलीवर उपाय करणार. ते बसवून पैसे गेले आणि नातवंडं मळमळतच राहिली असती, तर काकांनी पात्यालाच शिव्या घातल्या असत्या.

हवा मागे काय करते

चालत्या गाडीच्या छतावरून सरकणारी हवा मागच्या कडेपाशी पत्रा सोडते. तिला एकदम काटकोनात वळून काचेवरून खाली उतरता येत नाही. त्यामुळे गाडीच्या पाठीमागे कमी दाबाचा एक पट्टा गाडीबरोबर ओढला जातो आणि त्यात हवा भोवऱ्यात फिरत राहते. चाकांनी उडवलेली धूळ या पट्ट्यात खेचली जाते, काचेपाशी वेग मंदावतो आणि ती तिथेच बसते. सफारी, पजेरो, बोलेरो, सुमो, सगळ्या उभ्या पाठीच्या, सगळ्यांना हा जाच आहे. सेडानची काच उतरती असते, तिला तो कमी. हॅचबॅकला मागे वायपर देतात आणि सेडानला सहसा देत नाहीत, त्याचं एक कारण हेच.

डिफ्लेक्टरचं काम साधं. छताच्या मागच्या कडेवर, पत्र्यापासून अंतर सोडून, एक वळवलेलं पातं धरायचं. छतावरची वेगवान हवा पातं आणि छत यांच्यामधल्या मोकळ्या जागेत शिरते आणि काचेवरून खाली ढकलली जाते. त्या झोताने धूळ काचेपासून लांब राहते. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांतल्या स्टेशन वॅगनवर अशी पाती दिसत. म्हणजे कल्पना जुनीच.

दुकानात ‘स्पॉयलर’ म्हणून मिळतो तो फायबरचा तुकडा वेगळा. तो छताला चिकटून बसतो, मध्ये हवेला वाट नसते. त्याने हवा पत्रा सोडते ती जागा फक्त थोडी मागे सरकते. काच धुण्याचं काम तो करत नाही. दिसायला मात्र दोन्ही इतके सारखे, की म्हापशातल्या एका दुकानात डिफ्लेक्टर मागितल्यावर समोर तीन स्पॉयलर मांडले गेले.

आधी तपासणी

पाऊस लागायच्या आत काम उरकायचं होतं, कारण पुढे फायबरचं काम निघालं तर दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही. तरी आधी तपासणी करायची यावर पुतण्या आणि मी ठाम राहिलो. काका थोडे कुरकुरले. “तुम्ही मास्तर लोक परीक्षा घेतल्याशिवाय काही करणार नाही,” असं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

दाराच्या रबराची तपासणी कागदाच्या पट्टीने केली. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. रबर नीट दाबलं जात असेल तर पट्टी अडकून फाटते. दाराभोवती फिरत गेलो तेव्हा खालची बाजू आणि बिजागरीची बाजू ठीक निघाली. कुलपाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात मात्र पट्टी सळकन बाहेर आली. रात्री आत टॉर्च लावून बाहेरून पाहिलं, तर त्याच कोपऱ्यातून उजेडाची चीर दिसत होती.

कारण स्टेपनी. इतकी वर्षं तेवढं वजन दाराच्या टोकाला लोंबकळत राहिल्याने बिजागरीच्या पिना झिजल्या होत्या. दार खाली बसलं होतं आणि तिरकं झाल्याने वरच्या कोपऱ्यात उघडं पडलं होतं. रबरही वाळून कडक झालेलं. नुसतं नवं रबर घातलं असतं तर फट थोडी भरली असती आणि वर्षभरात परत तेच. म्हणून आधी पिना आणि बुश बदलले, दार उचलून कुलपाचा खुंटा जुळवून घेतला आणि मग रबर बदललं.

धुराचं मूळ गाडीखाली होतं. सायलेन्सरचं शेपूट कधीतरी गंजून गळलं असावं. कुणीतरी तेवढा भाग कापून टाकला होता आणि पाइपचं तोंड बंपरच्या आतच संपत होतं. म्हणजे धूर थेट त्या कमी दाबाच्या पट्ट्यात सुटायचा आणि वरच्या कोपऱ्यातल्या फटीतून आत यायचा. मधल्या एका जोडावर काजळीचा काळा डागही होता, गॅस्केट गेल्याची खूण. पाइप लांबवून बंपरच्या बाहेर, कडेला वळवला आणि गॅस्केट बदललं.

एक सवयही बदलायला सांगितली. धुळीच्या वाटेवर काका एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवायचे. बरेच जण तसंच करतात. पण बाहेरची हवा घेणाऱ्या बटणावर ब्लोअर चालू ठेवला आणि काचा बंद केल्या, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा वाढतो आणि बारीकसारीक फटींतून हवा बाहेर जाते. फिरती हवा ठेवली की हा आधार जातो आणि मागून धूळ ओढली जाते. समोर मातीचा ट्रक असेल तेवढ्यापुरतं फिरत्यावर टाकावं आणि मग परत बाहेरच्या हवेवर.

एवढं झाल्यावर मागच्या सीटवरची धूळ जवळजवळ थांबली आणि वास गेला. काच होती तशीच मळत राहिली. आता पात्याचा विचार मोकळेपणी करता येणार होता.

कोणकोणते पर्याय होते

मागचा वायपर दुरुस्त करणं हा सगळ्यात सरळ पर्याय. मोटर बंद पडलेली होती आणि ती मिळण्यासारखी होती. पण कोरड्या जांभ्याच्या धुळीवर वायपर फिरवला की काचेवर चरे पडतात, म्हणून प्रत्येक वेळी आधी पाणी मारायला हवं. कच्च्या वाटेवर पाणी मारलं तर काच ओली होते आणि पुढची धूळ आणखी घट्ट बसते. पावसाळ्यात उपयोगी, उन्हाळ्यात त्रासाचं.

मोठे मडफ्लॅप लावले तर धूळ मुळातच कमी उडेल. ते लगेच लावले, कारण स्वस्त आणि निरुपद्रवी. चिखलात फरक पडला, कोरड्या बारीक धुळीत फारसा नाही.

परदेशी बनावटीचं तयार पातं ऑनलाइन मागवायचं तर किंमत आणि वाहतूक मिळून आकडा डोळे फिरवणारा होता. शिवाय ते या गाडीच्या छताच्या वळणाला बसेल याची हमी नाही.

राहिला स्वतः बनवून घेण्याचा मार्ग. यात ॲल्युमिनियमचा पत्रा की फायबर, एवढाच प्रश्न. ॲल्युमिनियम वाकवायला सोपं, पण कडा धारदार राहतात. लोखंडी पन्हळीला थेट टेकलं आणि त्यावर खारी दमट हवा लागली, की दोन धातूंच्या मध्ये गंज वेगाने धरतो. फायबरला ते भय नाही. आणि गोव्यात फायबरचं काम जाणणारे हात शोधावे लागत नाहीत. होड्या दुरुस्त करणारे आहेत, पाण्याच्या टाक्या करणारे आहेत. पुतण्याच्या ओळखीचा एक मेस्त, म्हणजे कारागीर, मासेमारीच्या होड्यांना फायबरचे थर चढवायचा. त्याला काम समजावून सांगायला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरला.

कॅरिअरचा प्रश्न

साचा करण्याआधी सनपॅकच्या (पोकळ प्लास्टिकच्या) शीटचं कच्चं पातं करून चिकटपट्टीने छतावर बसवलं. काचेवर लोकरीचे बोटभर लांबीचे पांढरे धागे ओळीने चिकटवले. मागून दुसऱ्या गाडीतून पुतण्याचा मित्र मोबाइलवर चित्रण करणार. यासाठी राष्ट्रीय महामार्ग ६६ वर कोलवाळच्या पुढे, धारगळच्या बाजूचा चौपदरी टप्पा निवडला, पहाटे, वर्दळ नसताना.

पातं नसताना काचेच्या वरच्या भागातले धागे खाली लोंबायच्या ऐवजी वर, छताच्या दिशेने वळून फडफडत होते. भोवरा डोळ्यांनी दिसत होता. काकांना मी दहा मिनिटं सांगितलेलं पटलं नव्हतं, पण हे चित्रण पाहिल्यावर ते म्हणाले, “अरे, हे तर उलटं वाहतंय.”

मग पातं लावून तेच केलं. काहीही फरक नाही. कॅरिअरवर त्या दिवशी काही नव्हतं, पण त्याचे उभे कठडे आणि आडव्या पट्ट्या होत्याच.

यामागे साधं गणित आहे. पत्र्याला चिकटून रेंगाळणाऱ्या हवेचा एक थर असतो आणि तो मागे जाताजाता जाड होतो. सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग धरला, तरी साडेचार मीटर लांबीच्या टोकाशी ताशी ६० किलोमीटरला तो साधारण सात-आठ सेंटिमीटर भरतो. पात्याची वरची कड त्याच्या वर असली तरच वेगवान हवा हाती लागते. कॅरिअर मध्ये आला की विस्कटलेल्या हवेची जाडी कितीतरी वाढते आणि पात्याच्या वाट्याला घोटाळलेली, मंद हवा येते. बोल्ट काढून कॅरिअर उतरवला आणि पुन्हा गेलो. ताशी ६० ला धागे सरळ खाली, ताणलेले.

आता अडचण अशी, की काजूचा हंगाम मार्च ते मे. धूळ सगळ्यात जास्त तेव्हाच आणि कॅरिअर लागतो तोही तेव्हाच. काका म्हणाले, “कॅरिअर काढला तर पोती डोक्यावर घेऊ काय?” प्रश्न रास्त होता. पात्यासाठी गाडीचं काम अडवणं शहाणपणाचं नव्हतं.

तीन गोष्टी समोर होत्या: कॅरिअर पूर्ण काढायचा, पात्याचा नाद सोडायचा, किंवा मधला मार्ग. मधला घेतला. कॅरिअरचा मागचा अर्धा भाग कापला, पुढचा अर्धा ठेवला आणि उंच कठडे काढून बुटका नळीचा कठडा केला. रिकामा असताना धागे खाली वळतात हे तपासून घेतलं. दोन थर पोती रचली की वळत नाहीत, हेही तपासलं. पोती असतील त्या दिवशी काच मळणार, हे काकांनी मान्य केलं. मोठा माल भाड्याच्या पिकअपने न्यायचा ठरला, जो ते तसेही वर्षातून काही वेळा करतच होते.

पातं कसं बनवलं

मेस्ताने प्लायवूड आणि पत्र्याचा साचा केला. चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम भरणाऱ्या काचतंतूंच्या मॅटचे तीन थर, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर जाडी. रंग जेलकोटमध्येच, म्हणजे फायबरच्या सगळ्यात वरच्या थरात, काळा मिसळला, म्हणजे फांदीने खरवडलं तरी खालून पांढरं दिसत नाही. वरून आणि खालून कड बोटभर आत वळवली, त्याने पात्याला ताठपणा आला आणि धारही गेली. पात्याचं वजन किलोच्या आसपास भरलं. वरच्या तोंडाशी छतापासून १२ सेंटिमीटर अंतर आणि काचेकडे उतरताना ८. वाट निमुळती केली की बाहेर पडणारा झोत जोरदार राहतो.

बसवण्याच्या वेळी दुसरा खरा निर्णय आला. मेस्त म्हणाला, “भाऊ, छताला चार भोकं पाडून बोल्ट मारतो. दहा मिनिटांचं काम, जन्मात हलणार नाही.”

तो त्याच्या जागी बरोबर होता. होडीला तो असंच करतो. पण गाडीच्या छताला भोक म्हणजे गोव्याच्या पावसाला आमंत्रण. सीलंट दोन-चार उन्हाळ्यांत तडकतं, पाणी आतल्या कापडी छतामागे उतरतं आणि दिसतं तेव्हा पत्रा आतून खाल्लेला असतो. भोक एकदा पाडलं की परत नाही. पन्हळीला क्लॅम्प लावले तर चुकलं तरी काढता येतात.

ताकद पुरेल का, हे गणिताने पाहिलं. ताशी ८० ला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ३०० न्यूटन. पात्याचं क्षेत्र जेमतेम पाव चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानाने सात-आठ किलोचा रेटा. ताशी १०० ला बारा किलोपर्यंत. दोन्ही बाजूंच्या स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पना हे जड नव्हतं. धोका रेट्यापेक्षा थरथरीचा होता, म्हणून मधोमध एक रबरी पाय दिला, जो छतावर नुसता टेकतो.

क्लॅम्प लावायला पन्हळ साफ केली तेव्हा रंगाला फोड दिसले. सीलंट नखाने टोकरल्यावर खालून तपकिरी पाणी निघालं. तो गंज खरवडून, प्रायमर मारून, नवं सीलंट भरून मगच पुढे गेलो. क्लॅम्प आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी आणि स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर, म्हणजे धातूला धातू कुठेच लागत नाही. पातं बनवण्यापेक्षा पन्हळीचं काम जास्त चाललं. माझ्या हिशेबी गाडीचं खरं भलं त्यानेच झालं.

ब्रेकचा तिसरा दिवा

काचेच्या वरच्या कडेला, आतून, ब्रेकचा तिसरा दिवा आहे. पातं तात्पुरतं बसवून उंचीवरून पाहिलं नसतं तर हे सुटलं असतं. रस्त्यावर उभं राहून दिवा पूर्ण दिसत होता. पुतण्या शेजाऱ्याच्या टेम्पोच्या हौद्यात उभा राहिला तेव्हा दिवा पात्यामागे अर्धा झाकला गेला. बस किंवा ट्रक चालवणाऱ्याचे डोळे त्याच उंचीवर असतात आणि मागून धडक दिली तर ती त्यांचीच जड असते.

दिवा खाली सरकवायचा तर स्टेपनी आड येते. म्हणून पात्याची खालची कड कापून वर घेतली. त्याने झोताचा नेमकेपणा थोडा गेला, कारण हवा काचेला समांतर होण्याआधीच पात्याबाहेर पडू लागली. काच किती स्वच्छ राहते आणि दिवा किती दिसतो, यात दिव्याला झुकतं माप दिलं. या निर्णयावर कुणाचं दुमत झालं नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. पात्याने नोंदणी पुस्तकातली एकही नोंद बदलत नव्हती. तरी आपण चार नियम पाळले: पातं गाडीच्या रुंदीबाहेर जाणार नाही, नंबरप्लेट आणि दिवे झाकणार नाही, कुठेही धारदार कड नसेल आणि साध्या पान्याने सुटेल. नूतनीकरणाच्या तपासणीत अधिकाऱ्याने हरकत घेतली तर तिथेच काढून ठेवता यावं, हाही क्लॅम्पच्या बाजूने एक मुद्दा होता. विमा कंपनीला लेखी कळवून ठेवलं.

निकाल

कोरड्या डांबरी रस्त्यावर, चाळिसाच्या वर, काचेचा वरचा दोन तृतीयांश भाग आरशात बघण्याइतका स्वच्छ राहतो. खालचा भाग मळतो, कारण तिथे स्टेपनी झोत अडवते. कॅमेरा खाली असल्याने त्याला पात्याचा फायदा नाही. त्याच्यासाठी काकांनी दाराच्या खणात एक ओलं फडकं ठेवलंय.

बागायतीच्या वाटेवर, जिथून तक्रार सुरू झाली, तिथे फायदा जेमतेम. तिथे गाडी विसाच्या पुढे जात नाही आणि वेग अर्धा झाला की वाऱ्याचा जोर पाव होतो. फरक दिसतो तो मुख्य रस्त्याला लागल्यावर. वाटेवर बसलेली सुटी धूळ झोताने बरीचशी उडून जाते आणि नवी बसत नाही. काकांना हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून त्यांची निराशा झाली नाही. पावसाळ्यात चाकांचे तुषार काचेवर कमी येतात. मात्र एकदा चिकटलेला चिखल झोताने हलत नाही.

ताशी सत्तर किलोमीटरच्या वर वेगाला सुरुवातीला बारीक शीळ वाजायची. पात्याच्या वरच्या कडेला रबराची बीडिंग चढवली आणि ती थांबली. डिझेलच्या खपात काकांना फरक जाणवला नाही. हवेला खाली वळवायला थोडी जास्त ताकद लागणारच, पण या पाठीच्या गाडीत ती हिशेबात पकडता येण्याजोगी नसावी.

एक गोष्ट आम्ही धरली नव्हती, ती काजूच्या फांद्यांची. त्या खाली झुकतात आणि गाडी मागे घेताना पातं त्यात अडकतं. एकदा डावा क्लॅम्प पन्हळीत बोटभर सरकला आणि पात्याच्या कोपऱ्याला तडा गेला. सरकला ते बरंच झालं. बोल्टने जखडलेलं असतं तर छताचा पत्रा ओढला गेला असता. मेस्ताने मॅटचा तुकडा लावून कोपरा जोडून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम हाच ठेवेन: आधी फटी आणि सायलेन्सर, मग कॅरिअर, शेवटी पातं. प्रत्येक पायरीनंतर गाडी आठवडाभर चालवायला द्यायची, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. काकांना हा वेळखाऊपणा वाटला आणि तो होताही. पण नुसत्या दार-सायलेन्सरच्या कामावर थांबले असते, तरी त्यांच्या तीनपैकी दोन तक्रारी मिटल्याच होत्या. ज्याची गाडी बहुतेक कच्च्या वाटेवरच चालते, त्याला मी तिथेच थांबायला सांगेन.

पात्याची रुंदी दोन्ही बाजूंनी चार बोटं कमी करेन आणि टोकांना छोट्या उभ्या पाळ्या देईन. बाजूने हवा निसटते ती त्याने अडते आणि फांदीत अडकण्याचा संभवही कमी होतो. ब्रेकच्या दिव्याची जागा साचा करण्याआधी मोजेन, म्हणजे नंतर कापावं लागणार नाही. आणि मागचा वायपर दुरुस्त करून घेईन. पावसाळ्यात पातं आणि वायपर मिळून जे करतील ते एकट्या पात्याला जमत नाही. काकांनी मोटर अजून आणलेली नाही.

साचा मेस्ताकडेच आहे आणि डिचोलीच्या एकाने त्यावरून दुसरं पातं मागितलंय. त्याच्या गाडीचं मागचं दार वर उघडतं. तिथे छतावर पातं बसवलं तर दार उघडताना काच त्यावर आपटेल. पातं दारावरच बसवावं लागेल आणि दाराचे गॅस-शॉक (दार वर धरणारे दांडे) ते वाढीव वजन पेलतात का, हे साच्याला हात लावण्याआधी पाहावं लागेल. त्याला गाडी घेऊन यायला सांगितलंय, कॅरिअर उतरवून.